इन्समॉड होतं, पण प्रोब चालत नाही: डिव्हाइस आणि ड्रायव्हरची गाठ कर्नेलमध्ये नेमकी कुठे पडते

प्रश्न थोडक्यात असा आहे. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरच्या आयटूसी बसवर, म्हणजे चिपा जोडायच्या दोन तारांच्या वाटेवर, टीएमपी१०२ हा तापमानाचा सेन्सर जोडलाय आणि शिकायचं म्हणून त्याचा ड्रायव्हर स्वतः लिहिलाय. इन्समॉड (मॉड्यूल कर्नेलमध्ये लोड करायची कमांड) बिनतक्रार होतं, एलएसमॉडच्या यादीत मॉड्यूल दिसतं, इनिट फंक्शनमधला मेसेज लॉगमध्ये येतो. पण प्रोबमधली, म्हणजे डिव्हाइस मिळाल्यावर कर्नेल ड्रायव्हरचं जे फंक्शन बोलावतं त्यातली, पहिली ओळसुद्धा छापली जात नाही, आणि एररही कुठे नाही. मग ड्रायव्हर रजिस्टर झाला की नाही?

झाला की! पण त्या रजिस्टर होण्यातून तुम्ही जो अर्थ काढताय तो त्यात नाही. ड्रायव्हर रजिस्टर करणारं फंक्शन शून्य परत देतं, म्हणजे तुमच्या ड्रायव्हरचं नाव आयटूसी बसच्या यादीत चढलं, बस. त्याला एखादं डिव्हाइस मिळालं की नाही, हे तो शून्य सांगत नाही. बोर्डवर सेन्सर नसतानाही हेच मॉड्यूल इतकंच सुखाने लोड होईल. त्यामुळे ‘माझ्या ड्रायव्हरमध्ये काय चुकलं’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवा आणि आधी हे शोधा: या सेन्सरचं डिव्हाइस कर्नेलमध्ये कोणी रजिस्टर केलंय का? माझ्याकडे अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेक जण ड्रायव्हरचा कोड पुन्हा पुन्हा वाचत बसलेले असतात आणि दुखणं दुसऱ्याच बाजूला असतं.

आजच्या लिनक्समध्ये ड्रायव्हर डिव्हाइस शोधत नाही. पूर्वी शोधायचा. जुन्या पीसींमधल्या आयसा बसच्या काळात एनई२००० जातीच्या नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर हेक्स ३००, २८०, ३२० अशा ठरलेल्या आयओ पत्त्यांवर स्वतः चाचपून बघायचा. त्या पत्त्यावर भलतंच कार्ड बसलेलं असलं तर मशीन लटकायचं. म्हणून तोच ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून लोड केला की ‘पत्ता तुम्हीच सांगा’ म्हणून अडून बसायचा. तिच्या जागी पीसीआय बस आल्यावर ही चाचपणी बरीच संपली, पण प्रत्येक बसचा कारभार आपापला होता. कर्नेलच्या २.५ च्या मालिकेत पॅट्रिक मोशेल यांनी सगळ्या बसेसना एकच ड्रायव्हर मॉडेल दिलं आणि डिसेंबर २००३ मध्ये २.६ बरोबर ते सगळ्यांच्या हाती आलं. मूळ गरज होती ती पॉवर मॅनेजमेंटची. मशीन झोपवताना कोणतं डिव्हाइस कोणाच्या आधी बंद करायचं, हे ठरवायला कर्नेलकडे डिव्हाइसेसचं एक झाड हवं होतं. आपण आज सिसएफएसमध्ये, म्हणजे /सिस फोल्डरमध्ये, जे बघतो ते हेच झाड.

या मॉडेलमध्ये प्रत्येक बसकडे दोन याद्या असतात: एक डिव्हाइसेसची, एक ड्रायव्हर्सची. डिव्हाइस यादीत आलं की बस सगळे ड्रायव्हर्स चाळते. ड्रायव्हर आला की सगळी डिव्हाइसेस चाळते. आधी कोण आलं याने फरक पडत नाही, जो मागून येतो त्याच्या येण्याने जुळवणी सुरू होते. शिकवताना सगळे वधूवर सूचक मंडळाचा दाखला देतात. तो चालतो, फक्त इथे एका ड्रायव्हरला हवी तेवढी डिव्हाइसेस मिळतात आणि डिव्हाइसला मात्र एका वेळी एकच ड्रायव्हर.

तुम्ही इन्समॉड केल्यावर आतमध्ये काय होतं ते बघा. ड्रायव्हर यादीत जातो. बसचं ऑटोप्रोब चालू असेल, आणि ते एरवी असतंच, तर यादीतलं एकेक डिव्हाइस घेऊन बसचं मॅच फंक्शन ‘याचं याच्याशी जुळतं का’ असं विचारतं. जुळलं नाही तर पुढचं डिव्हाइस. जुळलं, तर डिव्हाइसचं लॉक घेतलं जातं, डिव्हाइसच्या स्ट्रक्चरमध्ये तुमच्या ड्रायव्हरचा पॉइंटर तात्पुरता लावला जातो, पिनांची मांडणी केली जाते, डीएमएची (प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरीत डेटा नेण्याची) तयारी होते, सिसएफएसमध्ये लिंक बनते, आणि एवढं सगळं पार पडल्यावर तुमचं प्रोब बोलावलं जातं. म्हणजे प्रोब न येण्याच्या जागा तीन: डिव्हाइस यादीतच नाही, जुळलं नाही, किंवा जुळलं पण मधल्या तयारीत अडकलं.

पहिली जागा तपासायला एक मिनिटही लागत नाही. /सिस/बस/आयटूसी/डिव्हायसेस या फोल्डरमध्ये जा. तिथे १-००४८ नावाची नोंद आहे का? पहिला आकडा बसचा नंबर, पुढचे चार हेक्समध्ये सेन्सरचा पत्ता. टीएमपी१०२ ची ॲड्रेस पिन ग्राउंडला जोडली असेल तर पत्ता हेक्स ४८ असतो. ही नोंद नसेल तर तुमच्या ड्रायव्हरकडे ढुंकूनही बघू नका, त्याचा दोष नाही.

इथे लोक एक आक्षेप घेतात: ‘पण आयटूसीडिटेक्ट कमांडमध्ये ४८ दिसतंय की!’ दिसणारच. ती कमांड थेट तारेवर हाक मारते आणि चिपने ओ दिली की आकडा छापते. त्यात कर्नेलच्या यादीचा संबंध नाही. उलट कर्नेलमधल्या कोणत्या तरी ड्रायव्हरने तो पत्ता ताब्यात घेतला असेल, तर आकड्याच्या जागी यूयू अशी दोन अक्षरं दिसतात. म्हणजे ४८ दिसणं हा तुमच्यासाठी हार्डवेअर ठीक असल्याचा आणि ड्रायव्हर बसलेला नसल्याचा पुरावा आहे. यूयू दिसलं तर गोष्ट वेगळी, ती पुढे सांगतो.

मुळात डिव्हाइस रजिस्टर कोण करतं? पीसीआय आणि यूएसबीवर हार्डवेअर स्वतःच आपली ओळख सांगतं. पीसीआय कार्डाच्या कॉन्फिगरेशन जागेत कंपनीचा आणि डिव्हाइसचा असे १६-१६ बिटांचे क्रमांक असतात. बसचा कोड ते वाचतो आणि डिव्हाइस रजिस्टर करतो. रिअलटेकची कंपनी १०ईसी, तिची एक गाजलेली नेटवर्क चिप ८१६८. बस ही जोडी वाचते, आर८१६९ ड्रायव्हरच्या टेबलात ती सापडते, काम झालं. आयटूसी, तिच्यासारखीच एसपीआय बस आणि एसओसीच्या, म्हणजे बोर्डवरच्या मुख्य चिपच्या, आतले ब्लॉक मात्र मुके. तारेवर कोण बसलंय हे आयटूसीला विचारता येत नाही. हेक्स ६८ वर घड्याळाची डीएस३२३१ चिप असू शकते किंवा एमपीयू६०५० हा मोशन सेन्सर, दोघेही सारखीच ओ देतात. म्हणून कोणीतरी बाहेरून सांगावं लागतं.

एआरएममध्ये, म्हणजे पायसारख्या बोर्डांवरच्या प्रोसेसरांसाठी, हे सांगणं पूर्वी सी फाइलींमध्ये व्हायचं. प्रत्येक बोर्डाची एक फाइल, तिच्यात डिव्हाइसेसच्या याद्या. त्या फाइलींचा ढीग इतका झाला की २०११ मध्ये लिनस टॉरवल्ड्स यांनी जाहीरपणे वैताग व्यक्त केला आणि त्यानंतर एआरएमची मंडळी झपाट्याने डिव्हाइस ट्रीकडे, म्हणजे बोर्डवरच्या हार्डवेअरचं वर्णन करणाऱ्या वेगळ्या फाइलीकडे, वळली. तुमच्या बोर्डवर आज तेच आहे. आयटूसी कंट्रोलरचा ड्रायव्हर आपला अडॅप्टर रजिस्टर करतो, त्याच वेळी डिव्हाइस ट्रीमध्ये त्या कंट्रोलरच्या पोटातले नोड (एकेका चिपच्या नोंदी) चाळले जातात आणि एकेका नोडसाठी डिव्हाइस तयार होतं.

त्यामुळे १-००४८ नसेल तर पुढच्या गोष्टी बघा. कंट्रोलरच बंद आहे का? पायवर तो सुरुवातीला बंद असतो, कॉन्फिग फाइलमध्ये डीटीपॅरमची ओळ टाकून चालू करावा लागतो. कंट्रोलर नाही तर त्याची पोरंही नाहीत. दुसरं, तुम्ही बदललेली डिव्हाइस ट्री खरंच बूट झाली का? सोर्स फाइल बघून खात्री करू नका, /प्रॉक/डिव्हाइस-ट्री उघडा. तिथे जे आहे तेच कर्नेलला दिसतंय. सोर्स बदलला, कंपाइल केला आणि बूट पार्टिशनवर कॉपी करायचं राहिलं, हे रोजचं आहे. तिसरं, नोडचं स्टेटस डिसेबल्ड नाही ना? आणि पत्ता रेज प्रॉपर्टीतून घेतला जातो, नावातल्या ॲटनंतरच्या आकड्यातून नाही. नावात ४८ आणि रेजमध्ये ४९ असेल तर डिव्हाइस १-००४९ नावाने उभं राहील.

चौथं कारण नवख्याला हमखास चकवतं. सेन्सरचा नोड कंट्रोलरच्या आत न लिहिता थेट मुळाशी लिहिला, तरी डिव्हाइस तयार होतं! फक्त ते प्लॅटफॉर्म बसवर तयार होतं, कारण मुळाशी असलेले, कम्पॅटिबल स्ट्रिंग (ही कोणती चिप हे सांगणारं नाव) असलेले नोड कर्नेल प्लॅटफॉर्म डिव्हाइस म्हणून रजिस्टर करतं. तुमचा ड्रायव्हर आयटूसीच्या यादीत, डिव्हाइस प्लॅटफॉर्मच्या यादीत. स्ट्रिंग अक्षरन् अक्षर जुळली तरी दोघांची भेट होणार नाही. /सिस/बस/प्लॅटफॉर्म/डिव्हायसेसमध्ये एकदा डोकावा, तिथे तुमच्या सेन्सरचं नाव सापडलं तर दुखणं सापडलं.

डिव्हाइस ट्रीच्या भानगडीत न पडता घाईने तपासायचं असेल तर /सिस/बस/आयटूसी/डिव्हायसेस/आयटूसी-१ मध्ये न्यू_डिव्हाइस नावाची फाइल आहे. तिच्यात चिपचं नाव आणि पत्ता एका ओळीत लिहिला की त्या क्षणी डिव्हाइस रजिस्टर होतं. डिलीट_डिव्हाइसमध्ये पत्ता लिहिला की जातं. टेबलावरच्या प्रयोगाला हे फार सोयीचं आहे. प्रॉडक्टमध्ये बूट स्क्रिप्टमधून असं करणारे मी पाहिलेत. ते करू नका, तिथे डिव्हाइस ट्रीच लिहा.

आता दुसरी जागा. नोंद आहे, पण तिच्या आत ड्रायव्हर नावाची लिंक नाही, म्हणजे बहुधा जुळलं नाही. डिव्हाइस ट्रीमधली कम्पॅटिबल स्ट्रिंग आणि ड्रायव्हरच्या टेबलातली स्ट्रिंग शेजारी ठेवून वाचा. स्वल्पविरामानंतर सोडलेली मोकळी जागा, हायफनच्या जागी अंडरस्कोर, एवढ्यानेही जुळवणी फसते. पण याहून जास्त वेळा दिसणारी गोष्ट म्हणजे टेबल नीट लिहिलेलं असतं आणि ड्रायव्हरच्या स्ट्रक्चरमध्ये ऑफ_मॅच_टेबल या फील्डला ते लावायचंच राहून गेलेलं असतं. कंपायलर फार तर वापरात नसलेल्या व्हेरिएबलची एक वॉर्निंग देतो. अनेकदा तीही मिळत नाही, कारण मॉड्यूल_डिव्हाइस_टेबल या मॅक्रोने टेबल ‘वापरलेलं’ असतं. टेबलाच्या शेवटी रिकामी नोंद हवी, हे लक्षात असेलच. मॅक्रो लावलेला असेल तर ही चूक बिल्ड होतानाच पकडली जाते.

तो मॅक्रो जुळवणीसाठी नाही, हे इथेच सांगतो. पुण्यात एम्बेडेडच्या इंटरव्ह्यूत हा प्रश्न मी मुद्दाम विचारतो आणि चांगले चांगले गडबडतात. मॉड्यूल_डिव्हाइस_टेबलमुळे टेबलातल्या ओळखी मॉड्यूलच्या फाइलमध्ये उर्फ नावं म्हणून नोंदल्या जातात. डेपमॉड ही कमांड त्या गोळा करून एक यादी बनवते. डिव्हाइस रजिस्टर झाल्यावर कर्नेल यूजरस्पेसला, म्हणजे कर्नेलबाहेरच्या प्रोग्रॅम्सना, इव्हेंट पाठवतं, त्यात मॉडअलायस, म्हणजे डिव्हाइसचं उर्फ नाव, असतं, यूडेव्ह हा प्रोग्रॅम ते वाचून योग्य मॉड्यूल लोड करतो. म्हणजे हा मॅक्रो मॉड्यूल आपोआप लोड होण्यासाठी आहे. तुम्ही हाताने इन्समॉड करताय, तेव्हा तो नसला तरी प्रोब यायला हवं. बूटनंतर आपोआप लोड होत नाही आणि हाताने केलं की चालतं, अशी तक्रार असेल तेव्हा याच्याकडे बघायचं. एसपीआयवर यात आणखी एक गोम आहे: तिथे डिव्हाइस ट्रीतून आलेलं डिव्हाइससुद्धा इव्हेंटमध्ये एसपीआयच्या जुन्या पद्धतीचंच उर्फ नाव पाठवतं. त्यामुळे कम्पॅटिबलच्या टेबलाबरोबर एसपीआयचं आयडी टेबलही द्यावं लागतं. ते नसलं तर नवी कर्नेल्स लॉगमध्ये तशी ताकीद देतात.

जुळण्याच्या टप्प्यावरचं दुसरं कारण तुमच्या बाबतीत मला दाट शक्यतेचं वाटतं. टीएमपी१०२ चा ड्रायव्हर कर्नेलमध्ये आधीपासून आहे. तुम्ही डिव्हाइस ट्रीमध्ये टीआय,टीएमपी१०२ हीच प्रचलित स्ट्रिंग लिहिली असेल, तर बूट होताना तोच ड्रायव्हर लोड होऊन डिव्हाइस घेऊन बसला असणार. आयटूसीडिटेक्टमध्ये यूयू दिसलं तर हेच. ज्या डिव्हाइसला ड्रायव्हर आहे त्याच्यासाठी दुसऱ्याचं प्रोब बोलावलं जात नाही, आणि त्याबद्दल कोणी एररही देत नाही. देण्यासारखं काही झालेलंच नाही. १-००४८ च्या आतली ड्रायव्हर लिंक कुठे जाते ते बघा. मग जुन्या ड्रायव्हरच्या फोल्डरमधल्या अनबाइंड फाइलमध्ये १-००४८ लिहा आणि आपल्या ड्रायव्हरच्या बाइंड फाइलमध्ये तेच लिहा. शिकण्यासाठी याहून बरं म्हणजे स्वतःची वेगळी कम्पॅटिबल स्ट्रिंग ठेवा, म्हणजे टक्करच होणार नाही.

तिसरी जागा, जुळलं पण प्रोबपर्यंत पोचलंच नाही, ही सगळ्यात रंजक, आणि हिच्याबद्दल पुस्तकांत फारसं सापडत नाही. पिनांची मांडणी प्रोबच्या आधी होते हे वर आलंच. नोडमध्ये मागितलेली पिन दुसऱ्या कोणी धरून ठेवली असेल, तर पिना वाटून देणारं पिनकंट्रोल तिथेच नकार देतं आणि तुमचा कोड चालतच नाही. लॉगमध्ये पिनकंट्रोलची ओळ मात्र येते. ती तुमच्या ड्रायव्हरच्या नावाने येत नसल्यामुळे ग्रेपने फक्त ते नाव शोधणाऱ्याच्या नजरेतून सुटते. डीमेसेज, म्हणजे कर्नेलचा लॉग, अख्खा वाचा.

दुसरा अडथळा अवलंबून असण्याचा. सेन्सरला वीज देणारा रेग्युलेटर, क्लॉक, इंटरप्टची (चिपने प्रोसेसरला मारायच्या हाकेची) जीपीआयओ पिन यांचे ड्रायव्हर अजून आलेले नसतील तर? पूर्वी इनिटकॉलच्या, म्हणजे बूट होताना ड्रायव्हर सुरू होण्याच्या, पातळ्यांत खालीवर करून हा क्रम जमवत असत, आणि तो कधी ना कधी मोडायचाच. २०१२ मध्ये ३.४ कर्नेलमध्ये ग्रँट लाइकली यांचं डिफर्ड प्रोब आलं. प्रोबने ईप्रोबडिफर, म्हणजे उणे ५१७, परत दिलं की डिव्हाइस थांबलेल्यांच्या यादीत जातं आणि दुसऱ्या कोणाचं प्रोब यशस्वी झालं की पुन्हा प्रयत्न होतो. साधी युक्ती आहे, थोडी आडदांड, पण टिकली.

नव्या कर्नेलमध्ये यावर एफडब्ल्यू_डेव्हलिंकचा थर आहे. तो डिव्हाइस ट्री आधीच वाचतो, तुमचा नोड कोणाकोणावर अवलंबून आहे ते टिपतो आणि ते तयार होईपर्यंत एरवी तुमचं प्रोब बोलावतच नाही. नोडमध्ये तुम्ही व्हीसीसी-सप्लाय म्हणून एखादा रेग्युलेटर लिहिला आणि त्याचा ड्रायव्हर कर्नेलमध्ये बिल्डच केलेला नाही, तर लक्षणं हुबेहूब तुमच्यासारखी असू शकतात: इन्समॉड ठीक, प्रोब गायब, एरर नाही. डीबगएफएस (कर्नेलची तपासणीसाठीची फाइल सिस्टिम) माउंट करून त्यातली डिव्हायसेस_डिफर्ड ही फाइल वाचा. अडकलेल्या डिव्हाइसचं नाव आणि बऱ्याचदा कोणामुळे अडकलंय तेही तिथे लिहिलेलं असतं. हीच फाइल उपयोगी पडावी म्हणून स्वतःच्या प्रोबमध्ये साध्या डेव्ह_एरऐवजी डेव्ह_एर_प्रोब वापरा. ते ५१७ असेल तर गोंगाट न करता कारण या यादीत नोंदवतं, आणि खरी चूक असेल तर लॉगमध्ये छापतं.

एवढं करूनही उलगडा झाला नाही तर अंदाज बांधणं थांबवा आणि कर्नेललाच बोलतं करा. जुळवणीचा सगळा कोड ड्रायव्हर्स/बेस फोल्डरमधल्या डीडी नावाच्या एका सी फाइलमध्ये आहे. डायनॅमिक डीबग वापरून त्या फाइलचे मेसेज चालू केले की कोणतं डिव्हाइस कोणत्या ड्रायव्हरशी जुळलं, कोणाचं प्रोब चालू झालं, कोणी नकार दिला, हे ओळीओळीने दिसतं. नकाराचंही सांगतो: प्रोबने ईनोडेव्ह किंवा ईएनएक्सआयओ (‘असं डिव्हाइस नाही’) परत दिलं तर कर्नेल ते एरवी छापत नाही, डीबग पातळीवर ठेवतं. ईप्रोबडिफर सोडून बाकीच्या एररवर मात्र ‘प्रोब फेल्ड’ची ओळ येते. आणि तुमची प्रोबमधली पहिली ओळ पीआर_डीबगने छापलेली नाही ना, हे सगळ्यात आधी बघा, कारण ती मुळात छापलीच जात नसते. जुन्या ट्यूटोरियलवरून कोड उचलला असेल तर आयटूसी प्रोबला दोन आर्ग्युमेंट्स दिसतील. आताच्या कर्नेलमध्ये एकच आहे.

प्रोब चालायला लागलं की त्याच्या आतली रजिस्ट्रेशन्स सुरू होतात, आणि तिथला क्रम माझ्या मते वरच्या सगळ्यापेक्षा जास्त महत्त्वाचा. तापमानाच्या सेन्सरसाठी स्वतःचं कॅरेक्टर डिव्हाइस (/डेव्हमधली वेगळी फाइल) बनवू नका. तापमानासारख्या मापांसाठी असलेल्या एचडब्ल्यूमॉन सबसिस्टिममध्ये रजिस्टर करा, म्हणजे टेम्प१_इनपुट ही फाइल फुकटात मिळते आणि सेन्सर्स कमांड तुमचा सेन्सर ओळखते. तिथे तापमान अंश सेल्सिअसच्या हजाराव्या भागात द्यायचं असतं. टीएमपी१०२ एका पायरीला ०.०६२५ अंश देतो, म्हणजे रजिस्टरमधल्या १२ बिटांतून ४०० आलं तर तुम्ही २५००० द्यायचं. पण एचडब्ल्यूमॉनकडे रजिस्टर होणं हे प्रोबमधलं शेवटचं काम असू द्या. ते फंक्शन परत येण्याआधीच कोणीतरी फाइल वाचायला येऊ शकतं. तेव्हा म्यूटेक्स (लॉक) तयार नसेल, चिप कॉन्फिगर झालेली नसेल, तर वर्षातून एकदा होणारा आणि कधीच पकडता न येणारा क्रॅश तुमच्या नशिबी आलाच. इंटरप्टचंही तसंच: तो मागितला त्या क्षणापासून येऊ शकतो.

साफसफाईसाठी डेव्हएमची, म्हणजे डेव्हएम_ ने सुरू होणाऱ्या नावांची, फंक्शन्स वापरा. तेजुन हो यांच्या या यंत्रणेमुळे, जी २००७ पासून कर्नेलमध्ये आहे, प्रोब मध्येच फसलं किंवा ड्रायव्हर निघाला तर घेतलेल्या गोष्टी उलट्या क्रमाने आपोआप परत केल्या जातात. अर्धं डेव्हएमने आणि अर्धं हाताने, असं मिश्रण केलंत तर मात्र हा उलटा क्रम बिघडतो: रिमूव्ह फंक्शनमध्ये तुम्ही हाताने सोडलेली गोष्ट आधी जाते आणि डेव्हएमचा इंटरप्ट नंतर, मधल्या फटीत इंटरप्ट आला की खेळ खलास.

स्वतःचं कॅरेक्टर डिव्हाइस बनवायचंच असेल तर आणखी एक खड्डा आहे. डेव्हएमने घेतलेली मेमरी ड्रायव्हर सुटला की जाते. पण एखाद्या प्रोग्रॅमने तुमची फाइल अजून उघडी ठेवलेली असू शकते. त्याने नंतर क्लोज केलं की कर्नेल मोकळ्या केलेल्या मेमरीत हात घालतं. अशा स्ट्रक्चरचं आयुष्य रेफरन्स काउंटवर (अजून किती जण वापरताहेत त्या मोजणीवर) ठेवा आणि मेमरी रिलीज फंक्शनमध्ये सोडा. याच कारणाने डिव्हाइस_रजिस्टर अपयशी ठरलं तरी स्ट्रक्चर थेट केफ्रीने मोकळं करायचं नसतं, पुट_डिव्हाइसने काउंट कमी करायचा असतो, कारण आतला काउंट तोवर सुरू झालेला असतो.

हे तपासायला वेगळं हार्डवेअर लागत नाही. केएएसएएन (मेमरीच्या अशा चुका पकडणारी कर्नेलची सोय) चालू करून कर्नेल बिल्ड करा. एका टर्मिनलमध्ये फाइल सतत वाचणारी लूप चालवा, दुसऱ्यात अनबाइंड आणि बाइंड फाइलींमध्ये १-००४८ आळीपाळीने लिहिणारी. रात्रभर चालू द्या आणि सकाळी डीमेसेज वाचा.